म्हसोबाच्या पलीकडचे बापू

मी माझ्या आईला काकू म्हणत असे आणि काकूला आई. हे ऐकलं की माझ्या सुनेचा गोंधळ उडतो, म्हणून आधीच सांगून टाकते. घरात दोन भाऊ. थोरले अण्णा, त्यांची बायको म्हणजे आई, आणि त्यांची मुलगी शकू. धाकटे बापू, त्यांची बायको काकू, आणि त्यांची मुलगी मी, कुसुम. शकू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी. ती बोलायला आधी लागली. ती ज्याला जे म्हणाली ते मी म्हणाले, एवढंच त्यात आहे. कुणी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायचं तर कुणीतरी माझा हात धरून 'ही तुझी आई, हा तुझा बाप' असं सांगायला हवं होतं, आणि नेमकं तेच आमच्या घरात चालत नव्हतं.

एकत्र घरात स्वतःचं लेकरू वडीलधाऱ्यांसमोर उचलायचं नाही, त्याचा लाड करायचा नाही, त्याला नावानं हाकसुद्धा मारायची नाही, अशी रीत होती. तिला निलाजरेपणा म्हणत. कारण विचारलं तर कुणी सांगितलं नसतं, पण कारण होतं आणि ते शहाणपणाचं होतं. दोन चुलींची भांडणं पोरांच्या ताटातूनच सुरू होतात. आपल्याला जास्त, भावाच्याला कमी, हे पहिल्या दिवसापासून होऊच द्यायचं नाही, म्हणून आपल्या पोराकडं पाहायचंच नाही. भावाच्या पोराला मात्र हवं तेवढं खांद्यावर घ्यावं, हवं ते खाऊ घालावं. उलट लोक त्याला मोठं मन म्हणत. तेव्हा आमच्या घरात बापांची अदलाबदल झालेली होती. अण्णा शेतातून आले की उपरण्याच्या टोकाला बांधलेला हरभऱ्याचा डहाळा माझ्या ओच्यात पडे. बापू आले की शकू त्यांच्या पाठीवर. शकूला बापूंनी विहिरीत पोहायला शिकवलं. मला अण्णांनी शिकवलं, आणि अण्णांना स्वतःला धड पोहता येत नव्हतं, त्यामुळं मला आजही येत नाही.

आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या अलीकडं दीड कोसावर. घर माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत, त्यावर उन्हाळ्यात मिरच्या आणि आम्ही दोघी एकाच वेळी वाळत पडलेल्या. पहाटे जात्याची घरघर. ओव्या आई म्हणायची. काकू मुकाट्यानं खुंटा ओढायची, कारण तिला गळा नव्हता आणि तिला ते माहीत होतं. मग गोठ्यातल्या घागरमाळा, मग भाकरी थापल्याचा आवाज. मी अंथरुणात पडून थापांवरून ओळखायची कोण भाकरी करतंय. आईच्या थापा जल्दी जल्दी पडत आणि भाकरी जाड होई. काकूच्या सावकाश, आणि तिची भाकरी पापडासारखी फुगे. येसराच्या भाजक्या पिठाची आमटी, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा, आणि सणाला पुरणाची पोळी, एवढं आमचं जेवण. माझ्या ताटात तूप आई वाढायची, शकूच्या ताटात काकू. काकूचा हात शकूला वाढताना जरा मोकळा सुटायचा आणि आईचा मला वाढताना. तेव्हा आम्ही दोघी लठ्ठ होतो.

एवढं प्रेम मिळालेल्या पोरीनं तक्रार करू नये. मी करतही नव्हते. पण मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की बापूंना मी आवडत नाही. शकूला ते 'शके' म्हणत. माझा उल्लेख करायची वेळ आलीच तर 'ती धाकटी' म्हणत. अंगणात मी समोर आले की त्यांची नजर माझ्या डोक्यावरून गोठ्याकडं जाई, जणू बैलाला काही झालंय. मी पुष्कळ वर्षं शाळेत शिकवलं. वर्गात असं एखादं पोर असतंच, की ज्याला बाईंनी शाबास म्हटलं तरी ते आधी मागं वळून पाहतं, आपल्या मागं कुणी उभं आहे का म्हणून. मी त्या पोरांना लगेच ओळखते. मी तशीच होते.

ज्या वर्षी मी तिसरीत होते, त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी शकूला गोवर निघाला. पिंपळगावच्या बाजारातून नवे माठ आणि घागरी आणायच्या होत्या. कच्च्या वाटेवरून गाडीत भांडी आणायची तर कडब्यात रोवून ठेवली तरी ती एकमेकांवर आपटतात. त्यांच्यामध्ये कुणीतरी बसून हातापायांनी धरून ठेवावी लागतात. हे काम पोरांचं, आणि दर वर्षी ते शकू करायची. अण्णांना गुडघ्याचा त्रास, त्यामुळं बाजार बापूंचाच. अण्णा ओट्यावर सुपारी कातरत म्हणाले, "कुशीला घिऊन जा. ती बराबर धरंल." बापू 'हां' म्हणाले आणि बैल जुंपायला गेले. मी चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन चढले आणि गाडीच्या अगदी मागच्या टोकाला, त्यांच्याकडं पाठ करून बसले.

गावाच्या शिवेवर म्हसोबा आहे. शेंदूर फासलेला धोंडा, त्याच्या मागं एक वाकडी बाभळ. तिथपर्यंत गाडीत चाकाच्या करकरीशिवाय आवाज नव्हता. म्हसोबा मागं पडला आणि बापूंनी गाडी थांबवली. मला वाटलं, काही मोडलं.

"कुशे," ते म्हणाले, "मागं काय बसलीस? पुढं ये."

मी आजवर त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं नव्हतं. मी हलले नाही.

"ये की. मी काय खातो का तुला?"

मी पुढं गेले. त्यांनी कासरा माझ्या हातात दिला. वर त्यांचा हात. "हरण्या डावीकडं वढतो, तेवढं बघायचं. चांदा गरीब हाय, त्याला काई सांगायला लागत न्हाई." मग ते बोलतच राहिले. मी अशी बोलणारी माणसं पुढं एसटीत पाहिली, जी घरी तोंड उघडत नाहीत आणि शेजारच्या अनोळखी माणसाला जन्मकथा सांगतात. पण बापू स्वतःची कथा सांगत नव्हते, माझी सांगत होते. मास्तरांनी मला सातचा पाढा चुकल्यावर उभं केलं होतं ते त्यांना माहीत होतं. पाटलांच्या खिल्लारी गायीला मी भिते आणि भीत नाही असं दाखवते, तेही. "तुझा दात पडला त्यो माळवदावर फेकला न्हाईस, पाटीच्या पिशवीत ठिवलास. कशाला?"

"तुमाला कोन सांगितलं?"

"मला दिसत न्हाई व्हय? मला डोळे न्हाईत?"

बाजारात त्यांनी मला खांद्यावर घेतलं. खरं तर मी खांद्यावर बसायच्या वयाची राहिले नव्हते, पाय त्यांच्या पोटापर्यंत लोंबत होते. एका ओळखीच्या कुंभारानं विचारलं, "बापू, ही कोनाची? शकू कुठंय?" बापू म्हणाले, "ही माझी." आणि मग लगेच माठ वाजवून पाहायला लागले. माठ बोटानं वाजवायचा असतो. खणखणला तर पक्का, बद्द वाजला तर तडा गेलेला. त्यांनी माझं बोट धरून मला ते शिकवलं. मी आजही तसाच वाजवून माठ घेते आणि माझी कधी फसवणूक झाली नाही. मग गुडीशेव घेतली, आणि ती मी एकटीनं खाल्ली. शकूला ठेवायची आठवणसुद्धा झाली नाही, आणि झाली असती तरी ठेवली नसती.

परतताना म्हसोबापाशी गाडी पुन्हा थांबली. बापू माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता मागं बस. माठ सांभाळ." मी मागं गेले. आता त्याचा अर्थ मला कळतो. तेव्हा मला वाटलं की माठांसाठीच म्हणत असतील. आठ वर्षांच्या पोरीला शीव म्हणजे काय हे कोण सांगणार? माझा हिशेब सरळ होता. बापूंना मी आवडते, हे आज सिद्ध झालं. आता ते कायमचं.

गाडी अंगणात आली. ओट्यावर अण्णा होते, दारात आई आणि काकू माठ उतरवून घ्यायला आलेल्या. बापू खाली उतरून गाडीच्या मागच्या बाजूला आले. मी माठांमधून उठून उभी राहिले, दोन्ही हात पसरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "बापू, मला खांद्यावर घ्या!" आणि अंग सोडून दिलं.

ते मला घेणार याबद्दल मला एवढीही शंका नव्हती. म्हणून मी कशालाच धरलं नव्हतं. बापूंची नजर ओट्याकडं गेली आणि त्यांचं पाऊल मागं पडलं. एकच पाऊल. मी हनुवटीवर पडले, आणि माझ्या पायात अडकून आलेली घागर माझ्या शेजारी फुटली.

गुडघ्याचा त्रास असलेले अण्णा ओट्यावरून धावत आले. त्यांनी मला उचललं, धोतराच्या सोग्यानं रक्त दाबलं, आईला हळद आणायला पिटाळलं आणि बापूंवर ओरडले, "गाडी नीट लावता येत न्हाई व्हय? मागलं तोंड उंच राह्यलं, पोर पडंल न्हाई तर काय हुईल!" गाडी नीटच लावलेली होती. ते सगळ्यांना दिसत होतं. बापू बैलाच्या मानेवरचं जू धरून उभे होते, आणि बैल मोकळे झाल्यावरही बराच वेळ धरून उभे राहिले. अण्णांच्या खांद्यावरून मला ते दिसत होतं. मी मान फिरवली.

हनुवटीवर वण आहे. आरशात रोज दिसतो, त्यामुळं आता दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी बापूंनी गाडीच्या मागं बाभळीच्या फळीची एक पायरी ठोकली. दिवसभर ठोकत होते. आई काकूला म्हणाली, "बरं झालं, आपल्याबी पायाला आधार." मला मात्र त्या पायरीचा इतका राग आला, की पुढं वर्षभर मी तिच्यावर पाय दिला नाही, चाकाच्या आऱ्यावरूनच चढायची. पायरी म्हणजे आता मला उचलायची कधीच गरज पडू नये याची सोय, असा मी अर्थ लावला. बापूंशी बोलणं सोडलं. पुढच्या बाजाराला अण्णा मुद्दाम म्हणाले, "कुशे, जा बापूसंगं," तर मी पोट दुखतंय म्हणाले. बापू गाडीवर बसून जरा वेळ थांबले, आणि शकूला घेऊन गेले.

त्या वर्षात मी मागणं सोडलं. फक्त त्यांच्याकडंच नाही, कुणाकडंच. भूक लागली तरी वाढेपर्यंत बसायचं, खेळात घेतलं तर जायचं. 'पोर शहाणी झाली,' असं सगळे म्हणाले. पोर अचानक शहाणी झाली की मला आता काळजी वाटते, शाळेत मी अशा मुलींच्या आयांना बोलावून घ्यायची आणि त्या गोंधळून म्हणायच्या, "बाई, तक्रार काय आहे?" काकूला मात्र कळत होतं. एकदा माझ्या केसांत फणी घालताना ती हळूच म्हणाली, "त्यांना येत न्हाई गं. बापानं आपलं पोर उचललेलं त्यांनी कधी बघितलंच न्हाई." मी म्हणाले, "शकूला बरं घेता येतं." फणी जरा थांबली आणि पुन्हा चालू लागली.

गावात शाळा निजामी गेल्यावर आली, मारुतीच्या देवळात, चौथीपर्यंतच. मी चौथी पास झाले तेव्हा काकूचा भाऊ, माझा मामा, जालन्याहून आला. तो तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याच्या घराजवळ मुलींची शाळा होती, आणि मला तिथं ठेवून शिकवावं असं त्याच्या मनात होतं. मनात काकूनं घातलं होतं. सांजच्याला पुरुषमाणसं आणि आम्ही दोघी पोरी पंगतीला बसलो होतो. काकू आणि आई वाढत होत्या. मामानं भाकरी मोडता मोडता विषय काढला.

अण्णांचा घास हातातच राहिला. "जालन्याला? आमची पोर दुसऱ्याच्या घरी? हितं काय कमी पडून राह्यलंय तिला?"

"कमी काई न्हाई, अण्णा. पर पुढं शाळा न्हाई."

"शिकून बालिस्टर व्हायचंय व्हय? चार बुकं झाली. बिलकुल न्हाई." मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. ते माझ्याकडं वळले. "तूच सांग, चिमणे. अण्णाला सोडून जायचंय का तुला?"

मला जायचं होतं. पण मी मागणं सोडलेलं होतं, आणि समोर अण्णा, ज्यांनी धोतर रक्तानं भरलं तरी मला उचललं होतं. त्यांना 'हो' कसं म्हणू? मी ताटाकडं पाहत राहिले.

"बघा," अण्णा मामाला म्हणाले, "पोरीलाच जायचं न्हाई." आणि त्यांनी आमटी मागितली. विषय संपला. काकूनं आमटीचं भांडं आणून खाली ठेवलं आणि वाढायचं आईवर सोडलं. मला आठवतं, मी मनात म्हणाले, झालं, आता माळवद आणि मिरच्या.

"तिला जायचंय, अण्णा."

बापू होते. पंगतीला अण्णांसमोर ते आपणहून बोलल्याचं मी पाहिलं नव्हतं. अण्णांनीही पाहिलं नसावं, कारण त्यांनी आधी मामाकडं पाहिलं.

"कोनाला?"

बापूंचा हात ताटातच होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "माझ्या पोरीला," ते म्हणाले. "कुशीला. पाढे तिला बावीसपस्तोर येतात. मास्तर मला रस्त्यात धरून सांगतो. तिला जायचंय, फकस्त ती मागत न्हाई. मागितलं न् पडली, तवापासनं ती मागत न्हाई. म्हनून मी मागून राह्यलो."

बापूंचे कान लाल झाले होते. पन्नाशीच्या घरातल्या पुरुषाचे कान असे लाल होऊ शकतात हे मी तेव्हा पाहिलं. अण्णांनी तांब्या उचलला, पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला.

"तोंड फुटलं बाबा तुला," ते म्हणाले. "मी समजत होतो मुकं मरतो काय." मग बराच वेळ जेवले आणि शेवटी म्हणाले, "मंग शकूलाबी धाडा. एकटी कशी ऱ्हाईल कुशी?"

"म्या न्हाई जानार!" शकूनं भोकाड पसरलं. "म्या बापूला सोडून न्हाई जानार!"

त्यावर आधी आई हसली, मग मामा, आणि मग अण्णासुद्धा. "घ्या," अण्णा डोळे पुसत म्हणाले, "तुझी पोर मला रडवनार, आन् माझी पोर तुला." शकू गेली नाहीच. तिनं पुढं घर, शेत, दोन म्हाताऱ्यांची आजारपणं, सगळं सांभाळलं, आणि बापू गेले तेव्हा माझ्यापेक्षा जास्त ती रडली. तो तिचा हक्कच होता.

जूनमध्ये निघायचा दिवस आला. घनसावंगीपर्यंत बैलगाडी आणि पुढं मोटार. बाजाराला जा नाहीतर घनसावंगीला, म्हसोबापर्यंत वाट एकच. गाडीत माझी पत्र्याची पेटी, काकूनं बांधून दिलेले धपाटे आणि येसराचा डबा. गल्लीतल्या चारपाच बायका बघायला आल्या होत्या. अण्णा ओट्यावर बसून उघड रडत होते; त्यांना परवानगी होती, ते चुलते होते. मी आईच्या पाया पडले, मग काकूच्या. काकूनं माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि लगेच पदर सारखा करायला घेतला. मी गाडीकडं गेले आणि सवयीनं चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवला.

"थांब," बापू म्हणाले.

ते मागच्या बाजूला, पायरीपाशी उभे होते. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. अण्णांसमोर, गल्लीसमोर. या वेळी थांबले ते माझेच पाय. माझ्या हनुवटीला सगळं आठवत होतं. मी त्यांच्या हातांकडं पाहिलं, मग पायांकडं. पाय जागचे हलत नव्हते.

मी गेले. त्यांनी मला काखेत धरून उचललं, वासराला उचलावं तसं, आडवंतिडवं. त्यांना मोठ्या पोराला उचलायची सवय नव्हती आणि मला उचलून घ्यायची. माझा परकर वर सरकला, त्यांचं मुंडासं माझ्या कोपरानं पडलं. बायका हसल्या.

"अहो बापू," आई दारातून म्हणाली, "पोर हाय ती, गोनी न्हाई! आन् पायरी कशाला ठोकली मंग?"

"ती तुमच्यासाठी," बापू म्हणाले. मला गाडीत उभं केलं, मुंडासं उचलून झटकलं आणि चढले.

पुढं माझा मुलगा झाला तेव्हा बापू जालन्याला आले आणि पोराला दिवसभर मांडीवरून खाली ठेवीनात. नातवाला घ्यायला कुणाची आडकाठी नसते. माझ्या नवऱ्यानं मात्र माझ्या सासऱ्यांसमोर आपला मुलगा पहिल्या दिवशीच उचलला, कारण मी तो त्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेले. रीती मोडायला भाषण करावं लागत नाही.

त्या दिवशी गाडी निघाली. म्हसोबा आला, त्याची वाकडी बाभळ आली, आणि गाडी थांबली नाही. थांबायचं कारण नव्हतं. मी अंगणापासूनच पुढं बसले होते.